विशेष गरजा असलेलं लहान मूल वर्गात रमावं म्हणून: शिक्षिकेच्या सोबतीने पायरीपायरीने करायचं काम

गाण्याच्या वेळी गोलात एक मूल शांत बसलंय. मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, छान बसलंय. त्याच्या उंचीवर बसून पाहिलं की कळतं, त्याची नजर दिव्यावर खिळलीय आणि तीन गाणी होऊन गेली तरी त्याच्यापर्यंत एकही पोचलेलं नाही. दुसरं एक मूल गोलात आलेलंच नाही, कपाटाला टेकून उभं आहे. पण गाण्यात टाळीची ओळ आली की त्याची बोटं हलतात. हजेरी घेतली तर गाण्यात पहिलं मूल आहे. शिकतंय मात्र दुसरं.

हा लेख ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या शिक्षिकांसाठी आणि त्यांना सोबत करणारे विशेष शिक्षक, समन्वयक, थेरपिस्ट यांच्यासाठी आहे. मूल रमत नसेल तर आधी वर्गाची मांडणी तपासावी, मग शिकवण्याची पद्धत, आणि मुलाच्या स्वभावाकडे सगळ्यात शेवटी वळावं, असं आमचं ठाम मत आहे. आणि हे काम शिक्षिकेवर एकटीवर टाकून होत नाही. मुलाला जशी नेमकी, वेळेवर आणि हळूहळू कमी होत जाणारी मदत लागते, तशीच ती शिक्षिकेलाही लागते.

रमणं ओळखायचं कसं

'लक्ष देतो' किंवा 'लक्ष देत नाही' अशा दोन खणांत मुलं बसत नाहीत. निरीक्षण करताना पाच पायऱ्या डोळ्यांसमोर ठेवा:

१. कशातच नाही: भटकणं, शून्यात पाहणं, रडणं, रांगेत नुसतं ताटकळणं.
२. एकच कृती पुन्हा पुन्हा: गाडीचं चाक फिरवत राहणं, ठोकळा दातांवर आपटत राहणं.
३. पाहणं-ऐकणं: हात चालत नाहीत, पण नजर किंवा कान कृतीकडे आहेत.
४. जुळवून घेत करणं: वस्तू तिच्या कामासाठी वापरणं, दुसऱ्याचं पाहून बदल करणं, आळीपाळीने खेळणं.
५. चिकाटी आणि कल्पना: मनोरा पडला तर वेगळ्या तऱ्हेने रचणं, ठोकळ्याला फोन समजून कानाला लावणं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर गफलत होते. चाक फिरवणारं मूल 'मस्त रमलंय' असं लिहिलं जातं, तर लांबून टक लावून पाहणाऱ्या मुलाची नोंद 'सहभाग नाही' अशी होते. पाहणं हा सहभागच आहे, आणि बऱ्याच मुलांची सुरुवात तिथूनच होते. डोळ्याला डोळा भिडवण्याचा आग्रहही सोडा. ऑटिझम असलेली काही मुलं मान वळवून जास्त नीट ऐकतात. हात फडफडवत असताना मूल ऐकत असेल तर ते ऐकतंय असंच लिहा.

मोजा, पण थोडं आणि नेमकं

'तो कधीच बसत नाही' या वाक्यावर कुठलाही उपाय उभा राहत नाही. आठवड्यातून पाऊण तास मोजणी पुरते.

पूर्ण वर्गासाठी 'प्लाचेक' नावाची जुनी आणि सोपी पद्धत आहे. दर ५ मिनिटांनी डावीकडून उजवीकडे वर्गावर एकदाच नजर फिरवायची. हजर मुलं किती आणि त्या क्षणी कृतीत असलेली किती, एवढंच लिहायचं. १५ पैकी ९ असतील तर ६० टक्के. आकड्याशेजारी त्या वेळी काय चाललं होतं ते दोन शब्दांत: 'हात धुण्याची रांग', 'चित्रांची गोष्ट'. आठवड्याभराचे कागद शेजारी शेजारी ठेवले की बहुतेक वेळा खड्डा एका-दोन ठरावीक वेळांनाच दिसतो.

एका मुलासाठी १० मिनिटं घ्या. दर ३० सेकंदांनी, फोन खिशात थरथरला की, वर पाहा आणि त्या क्षणाची पायरी लिहा. २० नोंदी होतात. मधल्या वेळात काय झालं ते लिहायचं नाही. हा नियम मोडला की मोजणी मतात बदलते. असं तीन वेगवेगळ्या कृतींत आणि तीन वेगवेगळ्या दिवशी करा. त्यातली एक कृती मुलाला आवडणारी हवीच. फक्त वाईट वेळा मोजल्या तर कागदावर मूल वाईटच दिसणार.

एकदा तरी दोघांनी एकाच वेळी, एकमेकांचं न पाहता नोंदी कराव्यात. २० पैकी १६ जुळल्या म्हणजे ८० टक्के, एवढं जुळणं साधारण पुरेसं मानतात. त्याहून कमी जुळलं तर पायऱ्यांच्या व्याख्येवर पुन्हा बोला. मुलात काही शोधायला जाऊ नका. शिवाय नवा माणूस वर्गात आला की मुलं त्याच्याकडेच पाहत राहतात, म्हणून पहिल्या १० मिनिटांच्या नोंदी धरू नयेत.

आधी शरीर, मग जागा, मग वेळ

खुर्चीत बसलेल्या मुलाचे पाय लोंबकळत असतील तर त्याची निम्मी ताकद तोल सांभाळण्यात जाते. एक हात टेबलाची कड धरून राहतो आणि मणी ओवायला एकच उरतो. आपण लिहितो, 'बारीक काम टाळतो.' तळवे पूर्ण टेकलेले, गुडघे आणि कंबर साधारण काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला किंवा किंचित वर, एवढं बघा. पायांखाली न हलणारा लाकडी खोका किंवा घट्ट बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा चालतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचाल आणि तोल सांभाळणं अवघड होणं) असलेल्या मुलाची बैठक मात्र त्याच्या फिजिओथेरपिस्टला विचारूनच बदलावी.

श्रवणयंत्राची बॅटरी रोज सकाळी तपासा. यंत्र कानात आहे याचा अर्थ ते चालू आहे असा होत नाही. बोलणारी व्यक्ती १ ते २ मीटरच्या आत असेल तर यंत्राचा उपयोग सर्वांत चांगला होतो, वर्गाच्या दुसऱ्या टोकाकडून मारलेली हाक त्यात गोंगाटासारखी मिसळते. शिक्षिकेने खिडकीकडे पाठ करून बसू नये, चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. दृष्टी कमी असलेल्या मुलासाठी फिकट रंगाच्या वस्तू गडद ट्रेमध्ये ठेवा आणि मागची सजावट उतरवा. फिट्सचं औषध चालू असेल तर गुंगी कोणत्या वेळी येते ते पालकांना विचारा, त्या अर्ध्या तासात नवं काही शिकवू नका.

जागेचं म्हणाल तर मोठी मोकळी जमीन मुलांना पळायलाच बोलावते. कपाट, चटई आणि टेबल लावून तीन बाजूंनी बंद कोपरे करा, पण शिक्षिकेला उभं राहिल्यावर सगळे दिसले पाहिजेत. एका कोपऱ्यात ३-४ मुलं. मांडणीवर एका वेळी ६ ते ८ वस्तू, बाकीच्या पेटीत. मागणी जास्त असलेल्या वस्तूची जोडी ठेवा, कारण वाटून घेणं हे शिकण्याचं वेगळं उद्दिष्ट आहे, रोज तासभर भांडण सोसण्याचं निमित्त नव्हे. सरकणाऱ्या भांड्याखाली जाळीचं रबर, ब्रशच्या दांड्याला फोमची नळी, पुस्तकाच्या पानांच्या कोपऱ्यांवर फोमचे तुकडे चिकटवले की पानं सुटी राहतात आणि जाड बोटांनाही उलटता येतात. असली कामं एका दुपारी होतात.

खरा चोर असतो तो वेळेत. एक कृती संपते, दुसरी सुरू व्हायची असते आणि मधे सगळे रांगेत उभे राहतात. ज्या मुलाला थांबणं जमत नाही त्याच्यासाठी दिवसातला सर्वांत अवघड धडा तोच, आणि तो शिकवायला तिथे कोणीच नसतं. १९७२ मध्ये लेलॉरिन आणि रिस्ली या संशोधकांनी पाळणाघरातल्या कर्मचाऱ्यांच्या वाटणीच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. एकात प्रत्येक मोठ्या माणसाकडे मुलांचा एक गट होता, दुसऱ्यात प्रत्येकाकडे एक जागा. जागा वाटून दिल्यावर कृतींच्या मधला वाया जाणारा वेळ कमी झाला. कारण उघड आहे. पुढच्या जागेवर माणूस आधीच तयार असल्यामुळे ज्याचं आटपलं ते मूल लगेच तिकडे जातं, सगळ्यात हळू मुलासाठी कोणी खोळंबत नाही.

हे आपल्या वर्गात आणायचं तर दिवसाचा तक्ता काढा: डावीकडे वेळ, वर मोठ्या माणसांची नावं, प्रत्येक चौकटीत 'कुठे' आणि 'काय'. पुढची कृती मांडणारी व्यक्ती आधीच्या कृतीच्या शेवटच्या ५ मिनिटांत मोकळी असली पाहिजे. तक्ता इथेच फसतो, कारण त्या ५ मिनिटांत तिला कोणीतरी दुसऱ्या कामाला बोलावतं. ती चौकट लाल रंगवा.

गोलात बसण्याचा वेळ ५ मिनिटांनी सुरू करून १०-१२ मिनिटांपर्यंत वाढवा. मूल कंटाळायच्या आत संपवलं तर उद्या ते परत येतं. चित्रांचं वेळापत्रक सुरुवातीला ३-४ चित्रांचंच असू द्या. झालेल्या कृतीचं चित्र मुलानेच काढून डब्यात टाकायचं. चित्र कळत नसेल तर खरी वस्तू हातात द्या: बाहेर जायचं तर चेंडू, रंगकामाला ब्रश. भिंतीवर उंच लावलेलं आणि आठवडाभर कोणी हात न लावलेलं वेळापत्रक म्हणजे निव्वळ सजावट.

आवड विचारून नव्हे, पाहून शोधा

पालक आणि शिक्षिका सांगतात ती यादी सुरुवातीला घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. ५-६ वस्तू अर्धवर्तुळात मांडा. मुलाने जी उचलली ती ३० सेकंद खेळू द्या, मग ती बाजूला ठेवून उरलेल्या मांडा. शेवटपर्यंत असाच क्रम लावा. वेगवेगळ्या दिवशी तीनदा केलं की वरच्या दोन-तीन वस्तू पक्क्या होतात. हात पोचत नसणाऱ्या मुलासमोर दोनच वस्तू, साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर धरा आणि नजर कुठे जास्त टिकते ते पाहा. बाजू बदलून पुन्हा करा, काही मुलं एकाच बाजूला पाहतात.

आवड सापडली की ती बक्षीस म्हणून राखून ठेवण्यापेक्षा कृतीच्या आत घाला. चाकं आवडणाऱ्या मुलाला रंगकामात ब्रशऐवजी खेळण्यातली गाडी द्या, चाकं रंगात बुडवून कागदावर फिरवू दे. दुसऱ्या पायरीवरचं चाक फिरवणं चौथ्या पायरीवर यायला एवढं पुष्कळ वेळा पुरतं. आवड दर महिन्याला पुन्हा तपासा. गेल्या महिन्यातला फुगा आज त्याला नकोसा असू शकतो.

रोजच्या कामात शिकण्याच्या संधी पेरणं

इथे वेळ द्या, कारण इथेच मूल शिकतं. वेगळ्या खोलीत टेबलावर २० मिनिटं घोटून घेतलेलं कौशल्य वर्गात उतरेलच याची खात्री नसते. तेच कौशल्य चपला काढताना, खेळताना, हात धुताना, जिथे त्याची खरी गरज आहे तिथे छोट्या छोट्या संधींतून शिकवलं तर टिकतं.

पहिल्यांदा उद्दिष्ट पाहता-मोजता येईल असं लिहा. 'संवाद सुधारेल' हे चालणार नाही. 'हवी असलेली वस्तू दिसते पण हाताला लागत नाही, तेव्हा १० सेकंदांच्या आत चित्राला बोट लावून, खूण करून किंवा शब्दाने मागेल' हे चालेल. मग तक्त्यात डावीकडे दिवसाच्या घडामोडी आणि वर मुलांची उद्दिष्टं लिहा. जिथे संधी आपसूक येते तिथेच फुली मारा. सुरुवात एक मूल, एक उद्दिष्ट, दोन घडामोडी आणि प्रत्येकीत ३-४ संधी एवढीच. दिवसाला ६ ते ८ संधी झाल्या तरी भरपूर. पहिल्याच आठवड्यात पाच मुलांची पंधरा उद्दिष्टं भरलेला तक्ता दुसऱ्या आठवड्यात कोणी उघडत नाही.

आता एक संधी अगदी जवळून पाहू. चार वर्षांची मुलगी पाण्याच्या टबाशी उभी आहे. तिच्या हातात रिकामा पेला, शिक्षिकेच्या हातात झारी, टबाच्या कडेला 'अजून' हे चित्र चिकटवलेलं. शिक्षिका पेल्यात बोटभर पाणी ओतते. मुलगी ते खाली सोडते, खुदकन हसते. शिक्षिका झारी तिरकी धरते आणि थांबते. चेहरा उत्सुक, ओठ मिटलेले. मनात १, २, ३. मुलगी झारीकडे पाहते, मग शिक्षिकेकडे. ४. तिचा हात पेल्यावरून निघून हवेत थांबतो. बहुतेक मोठी माणसं नेमकी या क्षणी बोलतात, 'अजून हवं? सांग, अजून!' आणि तो हात परत पेल्यावर जातो. शिक्षिका बोलत नाही. ५. बोट चित्राला लागतं. त्याच क्षणी पाणी पडतं, आणि आता शब्द येतो: 'अजून! अजून पाणी.'

यात चार भाग आहेत. मुलीला हवीशी गोष्ट समोर होती, थांबण्याला अर्थ होता, उत्तर देण्याची वाट तिच्या हाताशी होती, आणि उत्तराचं फळ तेच होतं जे तिला हवं होतं, तेही तत्काळ. यातला एक जरी निसटला तरी संधी वाया जाते. चित्र कपाटात राहिलं, पाणी द्यायला दहा सेकंद लागले किंवा पाण्याऐवजी 'शाब्बास' मिळालं, तर मुलगी पुढच्या वेळी बोट का लावेल?

थांबण्याची पद्धत अशी बसवा. पहिले दोन दिवस अजिबात थांबू नका. झारी पुढे करताच तुम्हीच चित्राला बोट लावून दाखवा आणि पाणी ओता, म्हणजे काय करायचं ते चुका न होता कळतं. तिसऱ्या दिवसापासून ५ सेकंद थांबा. हालचालींना वेळ लागणाऱ्या मुलासाठी १० किंवा त्याहून जास्त. मोठ्यांना हे फार जड जातं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या संवादांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं, आणि ३ सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब आणि अधिक विचारपूर्वक येऊ लागली. म्हणून आकडे मनात खरोखर मोजा.

एक सावधगिरी. एकाच बैठकीत दहा वेळा पाणी अडवलं तर खेळ संपून परीक्षा सुरू होते. ३-४ वेळा मागू द्या, बाकी वेळा मोकळेपणाने द्या. तहान, शौचास जाणं आणि दुखणं यांसाठी तर मुलाला कधीच अडवून धरू नका.

चित्रफलक (चित्रांना बोट लावून बोलायची पाटी) किंवा बोलणारं यंत्र वापरणाऱ्या मुलाशी बोलताना मोठ्यांनीही त्याच फलकावर बोट ठेवत बोलावं. बोलणारी मुलं वर्षभर ऐकतात आणि मग पहिला शब्द काढतात. फलकावरची भाषा मात्र आपण पहिल्याच दिवशी परत मागतो. फलक मुलाबरोबर फिरला पाहिजे. पाण्याजवळ लॅमिनेट केलेली प्रत, मैदानावर गळ्यातली छोटी प्रत.

मदत कमी कशी करत न्यायची

मदतीची उतरंड शिक्षिका आणि मदतनीस दोघींनी सारखीच वापरायला हवी. आधी नुसतं थांबणं, मग खूण, मग एक छोटी सूचना, मग करून दाखवणं, मग कोपराला किंवा मनगटाला हलका आधार, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण हात धरणं. प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये ३ ते ५ सेकंद. नवं कौशल्य शिकवताना उलट जा: जास्त मदतीने सुरू करून दर दोन-तीन दिवसांनी एक पायरी कमी करा.

तोंडी सूचना दिसायला किरकोळ, पण सुटायला सर्वांत चिवट. 'आता काय करायचं?' हे रोज ऐकलेलं मूल तो प्रश्न येईपर्यंत नळ बंद करत नाही. नळाशेजारी लावलेलं चित्र हळूहळू लहान करत काढून टाकता येतं, आपला आवाज तसा काढता येत नाही.

हात धरायचाच असेल तर आधी सांगा, मुलाने ओढून घेतला तर सोडा. दृष्टिहीन मुलाच्या हातावर आपला हात ठेवण्याऐवजी हाताखाली ठेवा. त्याचे हात तुमच्या हातांवर टेकलेले राहतात, हालचाल त्याला कळते आणि नको वाटलं तर केव्हाही सुटता येतं. हात हेच त्याचे डोळे आहेत, ते कोणी पकडून ठेवू नयेत.

एका मुलासाठी नेमलेली मदतनीस हा नाजूक विषय आहे. ती सतत चिकटून बसली की बाकीची मुलं तिच्याशी बोलतात, तिच्या शेजारच्या मुलाशी नाही. शिक्षिकाही त्या मुलाला तिच्यावर सोपवून मोकळी होते. दोघींचाही हेतू चांगला असतो, म्हणून दोष न देता जागा ठरवून द्या: मुलाच्या मागे, तिरकं, हाताच्या अंतरावर. दर १० मिनिटांतली ३ मिनिटं तिने वर्गातलं दुसरं काम करायचं. मूल पळून जाणारं असेल किंवा फिट येण्याचा धोका असेल तर अंतर अर्थातच सुरक्षेनुसार.

सवंगड्यांची मदत घेताना दोन-तीन मुलांना छोटी तालीम द्या: जवळ जा, वस्तू दे, थांबून बघ. दर आठवड्याला मुलं बदला. 'तू त्याची ताई' असं कोणाला करू नका, मैत्री बरोबरीची असते.

शिक्षिकेला सोबत: दोन आठवड्यांचं एक आवर्तन

वरचं सगळं एका कार्यशाळेत सांगून होतं, वर्गात उतरत नाही. शिक्षिका ऐकत नाही म्हणून नव्हे. पंधरा मुलं समोर असताना हात जुन्या सवयीनेच चालतात. पॅट्रिशिया स्नायडर, मेरी लुईस हेमेटर आणि लिस फॉक्स या संशोधकांनी याच वयोगटासाठी मांडलेल्या कोचिंगच्या पद्धतीत, बरोबरीच्या नात्याच्या पायावर तीन गोष्टी फिरत राहतात: मिळून ठरवलेलं उद्दिष्ट, त्याच उद्दिष्टापुरतं निरीक्षण, आणि विचारमंथनासह अभिप्राय. आवर्तन असं चालवा. (या भागात 'तुम्ही' म्हणजे शिक्षिकेला सोबत करणारी व्यक्ती.)

पहिली भेट ३० मिनिटांची, मुलं नसताना. मोजणीचा कागद दोघींमध्ये ठेवा. 'ताई, यातली कोणती वेळ तुम्हाला सगळ्यात थकवते?' इथून सुरुवात करा आणि ती वेळ निवडा, मग ती तुमच्या यादीत तिसरी का असेना. उद्दिष्ट शिक्षिकेच्या कृतीचं असावं: 'पाणीखेळात दर दिवशी ४ वेळा ५ सेकंद थांबेन, दोन आठवडे.' शेजारी लागणारं साहित्य, कोण आणेल आणि केव्हा, हे लिहा. 'अजून' या चित्राची लॅमिनेट प्रत तयार नसेल तर पहिला आठवडा फुकट जातो, म्हणून ती भेट संपायच्या आत हातात द्या.

त्याच भेटीत तालीम करा. तुम्ही मूल व्हा, शिक्षिका झारी धरू दे. तीनदा नीट जमेपर्यंत. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, पण थांबण्याची लय बोलून कळत नाही, करूनच अंगात येते.

मग वर्गात दाखवा. १० मिनिटं तुम्ही करा आणि शिक्षिकेच्या हातात पाच ओळींची यादी द्या: वस्तू हवीशी होती का, थांबले का, किती सेकंद, उत्तर आल्यावर लगेच दिलं का, एक शब्द जोडला का. पुढची १० मिनिटं जागा बदला. तिने तुमच्या चुका टिपल्या की नात्यातली वर-खाली मिटते.

निरीक्षण आठवड्यातून एकदा, २० ते ३० मिनिटं, फक्त ठरलेल्या गोष्टीचं. फळ्यावरचं चित्र वाकडं दिसलं तरी गप्प राहा. अभिप्राय त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, १५-२० मिनिटांत. आधी त्यांना विचारा, मग आकडा सांगा. 'चार संधी होत्या, तीनदा तुम्ही पूर्ण ५ सेकंद थांबलात, आणि तिन्ही वेळा तिने बोट लावलं. चौथ्या वेळी २ सेकंदांनी शब्द आला. तेव्हा काय चाललं होतं?' बहुधा उत्तर असतं, मागे कोणीतरी रडत होतं. मग प्रश्न थांबण्याचा उरत नाही, मागच्या कोपऱ्यात कोण असावं याचा होतो. 'छान चाललंय' या अभिप्रायातून हे कधीच बाहेर आलं नसतं.

व्हिडिओ उपयोगी पडतो, पण ३ ते ५ मिनिटांचाच. फ्रेममध्ये येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी परवानगी घ्या, खासगी फोनवर ठेवू नका, काम झालं की पुसा. पहिला व्हिडिओ शिक्षिकेने एकटीने पाहावा आणि दाखवायचा भाग तिनेच निवडावा.

ही सोबत कुठे बिघडते? मुख्याध्यापकांनी नोंदी मूल्यमापनासाठी मागितल्या की त्याच दिवशी विश्वास संपतो. हे आधीच लेखी ठरवून घ्या. सोबत करणारी व्यक्ती वर्गात गेल्यावर नाकं पुसणं, चपला घालणं यांत अडकली तर ती जादा मदतनीस होऊन बसते. मुलांसमोर किंवा पालकांसमोर केलेली सूचना, कितीही गोड असो, अपमानच वाटते. आणि वेळ न देता हे मागणं अन्याय आहे. एका शिक्षिकेमागे दोन आठवड्यांत दोन निरीक्षणं, दोन अभिप्राय आणि एक नियोजन भेट धरली तर साधारण २ तास होतात. त्यातला बोलण्याचा तास-सव्वा तास शिक्षिकेला कामाच्या वेळेतच मिळाला पाहिजे. दहा शिक्षिका एकाच व्यक्तीकडे सोपवण्याआधी हा हिशेब व्यवस्थापनासमोर मांडा.

नोंद, आणि फरक पडत नसेल तर

शिकवताना वही उघडता येत नाही. बाहीवर चिकटपट्टीची एक पट्टी लावा, मदतीशिवाय केलं तर उभी रेघ, मदतीने केलं तर शून्य. दिवसाच्या शेवटी पट्टी वहीत चिकटवून तारीख टाका. दुसरा उपाय म्हणजे डाव्या खिशात आठ मणी आणि प्रत्येक संधीला एक उजव्या खिशात. संध्याकाळी डावीकडे पाच उरले तर मूल शिकलं नाही असं नसून संधीच तीन मिळाल्या.

पाच संधींपैकी चार वेळा मदतीशिवाय, सलग तीन दिवस, आणि दोन वेगवेगळ्या मोठ्या माणसांसोबत, असं झालं की उद्दिष्ट पुढे न्या. शिकवण्याचे ८-१० दिवस होऊनही रेघा वाढत नसतील तर या क्रमाने पाहा. संधी ठरल्याइतक्या झाल्या का? वस्तू अजून हवीशी आहे का? दोघी सारखीच मदत देताहेत का? मुलाच्या शरीरात काही बदललं आहे का, म्हणजे कान दुखणं, झोप, बद्धकोष्ठ, नवं औषध? हे सगळं ठीक निघालं तरच उद्दिष्टाचे आणखी लहान तुकडे करा. आधी आलेलं कौशल्य जात असेल, म्हणजे बोलता येणारे शब्द किंवा चालणं हरवत असेल, तर वर्गातले प्रयोग थांबवून लगेच डॉक्टरांकडे पाठवा.

रडणं, चावणं, पळणं वाढलं तर आधी काय झालं आणि नंतर काय मिळालं हे पाच-सहा प्रसंगांत लिहा. गोलातून पळालेल्या मुलाला प्रत्येक वेळी बाहेर बसायला मिळत असेल तर पळणं हे त्याचं 'पुरे' आहे. त्याला 'पुरे' म्हणायचं चित्र द्या आणि सुरुवातीचे दिवस दर वेळी त्याचा मान राखा, अगदी दुसऱ्या मिनिटाला दाखवलं तरी. मग बसण्याचा वेळ अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने वाढवा.

घरच्यांना रोजचा अहवाल नको असतो. आठवड्यातून दोन ओळी पाठवा: काय जमलं आणि कसं जमलं. 'तिने अजून मागायला चित्राला बोट लावलं. आम्ही न बोलता पाच मोजले.' घरी काय जमतं तेही विचारा. बऱ्याचदा आई-आजीला थांबण्याची जागा आपल्याआधी सापडलेली असते.

शेवटचं काम बदली शिक्षिकेसाठी. प्रत्येक मुलाचं एकच पान करा: ते कसं मागतं, कसं नको म्हणतं, काय आवडतं, बैठक कशी, किती सेकंद थांबायचं, कोणती मदत द्यायची नाही, आणि तब्येतीबाबत काय लक्षात ठेवायचं. पान कपाटाच्या दाराला आतून लावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येणार नाही असं. खाली तारीख टाका, आणि सहा आठवड्यांहून जुनी झाली की पान नव्याने लिहा.